डेक्कन क्वीनने रोज पुणे-मुंबई: कोणाला झेपेल, कोणाला नाही

मुंबईत नोकरी लागतेय पण घर पुण्यातच ठेवायचंय, रोज ये-जा जमेल का, असं हल्ली ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. मी कोथरूडला राहते, ऑफिस फोर्टला, डेक्कन क्वीनचा पास आहे आणि हे बरीच वर्षं चालू आहे. मत आधीच सांगते, गाडी फार चांगली आहे, पण तुम्हाला जमणार की नाही ते सकाळच्या सव्वासातवर ठरत नाही, संध्याकाळच्या पाच दहावर ठरतं. सगळे सकाळचाच विचार करतात, लवकर उठणं जमेल का वगैरे. उठणं जमतं हो, महिनाभरात अंगवळणी पडतं. ऑफिसातून वेळेवर निघणं जमलं पाहिजे, तिथे खरी अडचण आहे.

वेळा बघा. पुण्याहून ७.१५, सीएसएमटीला १०.२५. परत सीएसएमटीहून १७.१०, पुण्याला २०.२५. म्हणजे १९२ किलोमीटर साधारण सव्वातीन तासात, तेही घाट धरून. आता यात मुंबईत हातात किती वेळ राहतो ते मोजा, पावणेसात तास, त्यातून स्टेशन ते ऑफिस जाणं-येणं वजा करा. ज्यांचं ऑफिस फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, मस्जिद भागात आहे ते चालत पोचतात, त्यांना सहा तास तरी मिळतात, नरिमन पॉइंटला जायचं तर त्यातून अजून वीस-पंचवीस मिनिटं गेली. बाकीचे दोन तास काम घरून किंवा गाडीतून करायला साहेब तयार असला तरच हे गणित बसतं. माझ्या ऑफिसने ते मान्य केलंय, लेखी, म्हणून मी हे करू शकते. पूर्वी मंत्रालयातले आणि बँकांमधले लोक या गाडीने रोज जायचे, आजही काही जातात, पण २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारचा पाच दिवसांचा आठवडा झाला आणि मंत्रालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली, त्यात ही गाडी सकाळीही बसत नाही आणि संध्याकाळीही नाही. शनिवार सुटला हे चांगलंच झालं, पण पुण्याहून येणाऱ्याची सोय मात्र गेली.

बीकेसीवाल्यांना, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात ऑफिस असणाऱ्यांना, मी आधी सरळ नाही म्हणायचे. सकाळी दादरला उतरून जाता येतं, पण संध्याकाळी गर्दीत उलटं सीएसएमटीपर्यंत यायचं म्हणजे रोजची धाकधूक. ऑक्टोबर २०२५ मधे मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि बीकेसीहून भुयारातनं थेट सीएसएमटीला येता येतं, त्यामुळे आता तेही शक्य आहे, फक्त चार-सव्वाचारला ऑफिसातून निघावं लागेल, आणि चार वाजता खुर्चीतून उठू देणारं बीकेसीतलं ऑफिस मिळणं अवघड.

पुण्याच्या टोकाला तर फारच फरक पडलाय. आधी पहाटे रिक्षा शोधायची आणि तो म्हणेल ते द्यायचं. ऑगस्ट २०२३ पासून वनाजहून मेट्रो पुणे स्टेशनपर्यंत जायला लागली, सकाळी सहाला पहिली गाडी सुटते, नळ स्टॉपला बसलं की साडेसहाच्या आसपास स्टेशनवर. रात्री परत तसंच. माझ्या मते गेल्या काही वर्षांत या प्रवासात झालेली सगळ्यात मोठी सुधारणा ही आहे, आणि रेल्वेशी तिचा काही संबंधच नाही. संध्याकाळी गाडी शिवाजीनगरलाही थांबते, तिकडे राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

पासबद्दल. रेल्वेचा मासिक पास साधारण १५० किलोमीटरच्या आतच मिळतो, पुणे-मुंबईला त्यापेक्षा जास्त अंतर असूनही मिळतो, ही जुनी सवलत आहे आणि हजारो घरं तिच्यावर चालली आहेत. पासवाल्यांनी पासधारकांच्या डब्यातच बसायचं, रिझर्व्हेशनच्या डब्यात नाही. कोरोनात गाड्या बंद झाल्या, मग सुरू झाल्या तरी पास बरेच दिवस बंदच होते, तेव्हा रोज तिकीट काढून जाणाऱ्यांचे जे हाल झाले ते आमच्या डब्यात आजही बोललं जातं. एकीने तेव्हा नोकरीच सोडली, ती परत आलीच नाही.

डब्यातल्या जागेचं सांगायलाच हवं. नवीन माणूस पहिल्या दिवशी चढतो आणि रिकामी सीट दिसली म्हणून बसतो, तर कोणीतरी म्हणतं इथे आमचा ग्रुप बसतो. नियमात असं काही नाहीये, पास म्हणजे डब्यात बसायची परवानगी, अमुक सीट तुमची असं नाही. बॅग ठेवून, रुमाल टाकून पाच पाच जागा अडवणं मला अजिबात पटत नाही आणि मी ते तोंडावर सांगते. पण दुसरी बाजू पण खरी आहे, हेच ग्रुप तुम्हाला डुलकी लागली तर उठवतात, कोणाच्या घरी काही झालं तर रात्री स्टेशनवरून थेट हॉस्पिटलला जातात, गाडी खोळंबली तर डबा वाटून खातात. बायकांसाठी तर ही ओळख फार मोलाची, रात्री साडेआठला स्टेशनबाहेर पडताना सोबत कोणीतरी असतं. नवीन असाल तर लवकर या, नम्रपणे बसा, आणि दोन आठवडे नेमाने दिसलात की तुम्हालाही जागा धरली जाते.

गाडी म्हणून बोलायचं तर जून २०२२ मधे जुने डबे जाऊन एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीचे डबे आले. धक्के कमी झाले, चार्जिंगचे पॉइंट आले, आवाज कमी झाला. लॅपटॉपवर काम होतं, पण कर्जत ते लोणावळा काही पाठवायचं असेल तर आधी पाठवून मोकळे व्हा, घाटात बोगद्यामागून बोगदे आहेत, नेटवर्क येतं आणि जातं, व्हिडिओ कॉल तर घेऊच नका. मी तो वेळ झोपेला ठेवलाय. पावसाळ्यात मात्र झोपत नाही, सकाळी उतरताना खंडाळ्यापुढे ढग खाली असतात आणि कड्यावरून पाणी पडत असतं, लोक पैसे भरून विस्टाडोममधे, म्हणजे काचेच्या छताच्या डब्यात बसून जे बघायला येतात ते आम्हाला पासात मिळतं.

संध्याकाळी कर्जतला गाडी थांबते तेव्हा मागे जादा इंजिनं लागतात, घाटात ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर अशी चढण आहे, पुढच्या इंजिनाला एकट्याला झेपत नाही. तेवढ्यात दिवाडकरांचा वडा घ्यायचा, गरम असतो, पुण्याला पोचून जेवायला नऊ वाजतात तेव्हा हा आधार लागतो.

आणि डायनिंग कार. रोज धावणाऱ्या गाड्यांमधे टेबलाशी बसवून खायला देणारा डबा फक्त हिच्यात राहिलाय. चीज टोस्ट आणि ऑम्लेट मागवा, चहा घ्या, खिडकीला बसा. रोज परवडत नाही आणि रोज गरजही नाही, पगार झाला की आम्ही मैत्रिणी जातो. १ जून १९३० ला सुरू झालेली ही गाडी, सुरुवातीला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता, थर्ड क्लासचा डबा लागायला १९५५ उजाडलं. आज त्याच गाडीतून पास काढून शिपाई, वकील, नर्स, अकाउंटंट सगळे जातात, मला हे फार आवडतं. दर १ जूनला पुणे स्टेशनवर केक कापतात, इंजिनाला हार घालतात, आणि त्या दिवशी ऑफिसला जाणाऱ्यांचे चेहरे पण वेगळे असतात.

आता ज्यांना एक्सप्रेस वे, शिवनेरी बस किंवा स्वतःची गाडी बरी वाटते त्यांच्यासाठी. रस्त्याने कधी तीन तासात पोचाल, कधी खालापूर ते खंडाळा अडकून दीड तास जास्त लागेल, आणि आधी काहीच सांगता येत नाही. शिवाय दादरला उतरून पुढे लोकल आहेच. अधूनमधून जायचं असेल तर ठीक, रोज नको. सिंहगड एक्सप्रेस पुण्याहून सहाच्या सुमाराला सुटते, पिंपरी चिंचवडवाल्यांना तीच सोयीची, कल्याण ठाण्याला उतरणाऱ्यांनाही. परत येताना सीएसएमटीहून ५.५० ला आहे, म्हणजे डेक्कन क्वीन चुकली तर हीच, गर्दी मात्र भयंकर, उभं राहायची तयारी ठेवा.

दरडी पडतात तेव्हाचा विचार पण करून ठेवा. २०१९ च्या पावसाळ्यात मंकी हिलच्या बाजूला घाटात इतकं नुकसान झालं की गाड्या बरेच दिवस रद्द होत्या. जुलै-ऑगस्टमधे मुंबईत रात्री राहायला हक्काचं एक घर हवंच, मावशी, मैत्रीण, पेइंग गेस्ट, कोणीही. आणि शरीराचं, खोटं सांगणार नाही, सात-साडेसात तास रोज बसून जातात, कंबर बोलते, घरी मुलं झोपायच्या आधी जेमतेम तासभर मिळतो. ज्यांची मुलं अगदी लहान आहेत आणि घरी बघायला कोणी नाही त्यांनी हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्यापेक्षा दोन वर्षं मुंबईत भाड्याने राहा.

रेल्वेकडे एकच मागणी. ५.५० नंतर पुण्यासाठी रोजच्या नोकरदारांच्या कामाची गाडी नाहीये, पुढच्या सगळ्या रात्री उशिराच्या लांब पल्ल्याच्या. वंदे भारत सीएसएमटीहून चार वाजून पाचला सुटते आणि तिच्यात पास चालत नाही. साडेसहाच्या सुमाराला पासधारकांचे डबे लावून एक जलद गाडी सोडली तर मंत्रालयापासून कोर्टापर्यंत कितीतरी लोकांना पुण्यात राहून नोकरी करता येईल. घाटात लाइन मोकळी नाही हे कारण नेहमी सांगितलं जातं, मान्य, पण संध्याकाळचा तो एक रस्ता काढाच.

गाडीला पाचपैकी साडेचार. आणि ऑफर लेटरवर सही करण्याआधी एचआरला विचारा की रोज पावणेपाचला निघालेलं चालेल का, आणि उत्तर ईमेलवर घ्या.