पाठदुखीसाठी योगसाधनांचा संच: काय घ्यावं, काय दुकानातच सोडावं

एक लोड, दोन विटा, पट्टा, तीन-चार चादरी आणि पाठ काढलेली लोखंडी घडीची खुर्ची. बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात घडवलेल्या पद्धतीतली ही साधनं आता संच करून ऑनलाइनही मिळतात. जाहिरातीत भर असतो लवचिकपणावर. जुनाट पाठदुखीवाल्याने तिकडे लक्ष देऊ नये. त्याला ही साधनं ताण द्यायला नकोत, अंग सैल सोडता यावं म्हणून हवीत. त्यामुळे प्रत्येक वस्तू घेताना एकच बघायचं: तिच्यावर अंग टाकल्यावर कुठला स्नायू अजून काही धरून बसलाय का?

याचं कारण मेंदूत आहे. दुखणं तीन महिन्यांपलीकडे गेलं की त्याला जुनाट म्हणतात, आणि तोवर मूळ इजा आणि वेदना यांचा मेळ बऱ्याचदा सुटलेला असतो. मज्जारज्जू आणि मेंदू मात्र साध्या वाकण्यालाही धोका समजत राहतात. २००४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या अपकेरियन यांच्या गटाने जुनाट पाठदुखीच्या २६ रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा करड्या द्रव्याचं (मेंदूतल्या चेतापेशींच्या थराचं) आकारमान निरोगी माणसांपेक्षा ५ ते ११ टक्के कमी भरलं. हे कायमचं नसावं असं मॉन्ट्रियलच्या २०११ च्या अभ्यासावरून दिसतं: शस्त्रक्रियेने किंवा मणक्यातल्या इंजेक्शनने दुखणं उतरल्यावर सहा महिन्यांनी कपाळामागचा डावा भाग पुन्हा जाड झालेला आढळला. त्यात योग नव्हता, हे लक्षात ठेवावं. योगाबद्दल २०१४ चा एक अभ्यास आहे. वर्षानुवर्षं योग करणारे गार पाण्यातला हात इतरांपेक्षा दुपटीहून जास्त वेळ ठेवू शकले, आणि शरीराच्या आतल्या संवेदना टिपणारा इन्सुला हा भाग त्यांच्यात जास्त भरीव होता. पण ती माणसं मुळात तशीच असतील, हीही शक्यता उरतेच. तेव्हा ‘योगाने मेंदू नव्याने घडतो’ असं कुणी छातीठोक सांगून संच विकत असेल, तर ती विक्रीची भाषा समजावी.

प्रत्यक्ष फायद्याचा पुरावा बरा आहे, डोळे दिपवणारा नाही. २००९ च्या अमेरिकी चाचणीत ९० जणांनी भाग घेतला. अय्यंगार पद्धतीच्या गटाने २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा वर्ग केला आणि नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांपेक्षा त्यांचं दुखणं आणि अडलेपण जास्त उतरलं. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संशोधन-संस्थेचे सगळ्या चाचण्या एकत्र पाहणारे आढावे जास्त सावध आहेत: सरासरी फरक लहान, आणि काहीच व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांत पाठदुखी वाढल्याच्या तक्रारी जास्त. या तक्रारींना चुकीचं साधन आणि चुकीची मांडणीही हातभार लावते, असं आमचं मत.

सगळ्यात जास्त पैसे लोडावर घालावेत. साधारण ६० सेंटिमीटर लांब, २० ते २३ सेंटिमीटर जाड, कापूस ठासून भरलेला, उचलताना तीनेक किलो जाणवेल असा. दुकानात त्यावर बसून बघा. दोन बोटं दबून थांबला तर घ्या. फोमचा लोड कंबरेखाली पार बसतो आणि श्वासागणिक हलतो. तोल सावरायला कंबरेचे स्नायू मग जागेच राहतात, म्हणजे ज्यासाठी लोड घेतला तेच होत नाही. बैठकीतला गोल लोड चालेल का, हा नेहमीचा प्रश्न. बहुतेक घरांत तो फार जाड असतो, छाती उंच जाते आणि कंबर मागे मोडते. कापसाच्या गाठी झाल्या तर पिंजाऱ्याकडून पिंजून घेता येतो. पॉलिस्टरच्या लोडाची ती सोय नाही. पावसाळा संपला की दोन दिवस कडक ऊन दाखवावं.

खुर्ची मात्र नवी घ्यायलाच हवी असं नाही. पोटऱ्या खुर्चीवर ठेवून शवासन करण्यापुरती घरातली लाकडी खुर्ची किंवा दिवाणाची कडा पुरते, आणि दुखरी पाठ घेऊन सुरुवात करणाऱ्यासाठी संपूर्ण संचात हेच सर्वांत कामाचं आसन आहे. बैठकीची कडा गुडघ्याच्या खोबणीपर्यंत येऊ द्या, पोटऱ्यांखाली चादरीची घडी, डोक्याखाली दोन-तीन सेंटिमीटरची दुसरी घडी. बुटक्या माणसाला ४५ सेंटिमीटरची खुर्ची उंच पडते आणि माकडहाड जमिनीवरून सुटतं. तेव्हा कंबरेखाली चादर घालून उंची भरून काढायची. वेळ पाच ते दहा मिनिटं. श्वास चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. ओढून नाही, दम लागला तर मोजणं सोडून द्यायचं.

विटा लाकडीच घ्याव्यात, कडा गोल केलेल्या. उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायच्या सेतुबंधासनात हलका फोम ओटीपोटाच्या वजनाने दबतो. वीट सर्वांत बुटक्या बाजूवर, साडेसात सेंटिमीटरच्या उंचीवर, आणि त्रिकास्थीच्या, म्हणजे माकडहाडाच्या लगेच वरच्या, सपाट हाडाखाली. ती वर सरकून कंबरेच्या मणक्याखाली गेली की दुसऱ्या दिवशी पाठ धरते. चाचपडून हाड सापडत नसेल तर विटेच्या जागी घडी घातलेली चादर पुरे.

पट्टा सुती, किमान सहा फुटी, दोन कड्यांचा. सुप्त पादांगुष्ठासनात, म्हणजे उताणं झोपून एक पाय वर उचलताना, तो त्या पायाच्या तळव्याच्या मधोमध अडकवून दुसरा पाय भिंतीला टेकवायचा. मांडीमागे पहिला ताण जाणवला की तिथेच अर्धा-एक मिनिट थांबायचं. पायात मुंग्या किंवा वीज गेल्यासारखं झालं तर ती नस आहे, स्नायू नाही. गुडघा वाकवून पाय खाली आणायचा. बहुतेकांची चूक इथेच होते: पट्टा हातात आला की ओढायचा मोह होतो.

डोळ्यांवरची क्रेप पट्टी घेतली तरी चालेल, न घेतली तरी चालेल. सोलापुरी चादर घरात असेल तर संचातल्या चादरींवर पैसे घालू नका, घडी घट्ट बसते.

सराव दुखण्यावर नव्हे, घड्याळावर बेतावा. आठवड्यातून चार-पाच दिवस, २० मिनिटं, चांगल्या दिवशीही तेवढीच. बरं वाटतंय म्हणून ४० मिनिटं केली की दुसऱ्या दिवशीचा ठणका मेंदूला पुन्हा ‘हालचाल म्हणजे धोका’ हेच शिकवतो. शून्य ते दहाच्या मापावर दुखणं दोन घरं चढलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं तर ठीक. नाही उतरलं तर वेळ निम्मी करा. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, पायातलं बळ कमी होणं, ताप, कारणाशिवाय वजन घटणं, किंवा हाडं ठिसूळ असताना पडणं, यांपैकी काही असेल तर संच बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

या पद्धतीच्या वर्गात लटकण्यासाठी भिंतीला हुकांवर बांधलेल्या दोऱ्या असतात, त्या घरी लावू नयेत. नव्या इमारतींतल्या आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या असतात. साध्या प्लगने बसवलेला हुक माणसाचं वजन लटकल्यावर निघून येऊ शकतो. दोऱ्यांवर लटकायचंच असेल तर ते वर्गात, शिक्षकाच्या डोळ्यांसमोर.