व्हीएमची डिस्क भरली: आहे तीच वाढवायची की दुसरी जोडायची?

रात्रीचे साडेनऊ. चपला घालून इंदूरच्या सराफा बाजारातल्या खाऊगल्लीकडे निघालो होतो, तेवढ्यात रामबागेतून भाचीचा फोन. ‘मामा, व्हर्च्युअलबॉक्समध्ये डिस्क ४० ची ८० जीबी केली, तरी उबुंटू १९ च दाखवतोय!’ व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरा, आभासी कॉम्प्युटर (व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर, आणि तिच्या व्हीएममध्ये उबुंटू हे लिनक्स आहे.

तिला म्हटलं, आधी ‘व्हीजीएस’ कमांड चालव. ‘व्ही-फ्री’ या रकान्याखाली जवळजवळ १९ जीबी मोकळी निघाली. उबुंटू सर्व्हर एलव्हीएमवर (डिस्कची जागा हवी तशी वाटून देणारी लिनक्सची सोय) बसवला आणि इन्स्टॉल करताना काही बदललं नाही, तर साधारण ४० जीबीच्या डिस्कवर तो रूटला, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य भागाला, निम्मीच जागा देतो. उरलेली तशीच पडून राहते. म्हणजे बाईसाहेबांनी डिस्क वाढवायची गरजच नव्हती. ‘एलव्हीएक्स्टेंड’ला ‘-आर’ जोडून उरलेली सगळी जागा रूटला दिली. व्हीएम बंदही करावं लागलं नाही, काही सेकंदांत ३८ जीबी झाले. तेव्हा पुढचं वाचायच्या आधी हे तपासाच. सोबत डॉकरच्या (अ‍ॅप्स वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) जुन्या इमेज आणि सिस्टीमच्या नोंदींचे, म्हणजे जर्नलचे, लॉगही साफ करून बघा, त्यातही पुष्कळ जागा अडकलेली असते.

एवढं करूनही पुरत नसेल, तर खरी निवड दोन मार्गांत आहे.

आहे तीच डिस्क वाढवणं हा मला बहुतेकांसाठी बरा वाटतो, कारण नंतर काही लक्षात ठेवावं लागत नाही. पण लोक अर्ध्यावर थांबतात. प्लॉट मोठा घेतला म्हणून कुंपण आपोआप सरकत नाही, आणि कुंपण सरकलं म्हणून घराला खोली वाढत नाही. इथेही आधी डिस्कची फाइल, मग आतलं पार्टिशन, मग फाइलसिस्टीम, असं क्रमाने वाढवावं लागतं. एक्स्ट-४ ही लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टीम असलेल्या साध्या पार्टिशनला ‘ग्रोपार्ट’ आणि मग ‘रिसाइझ-टू-एफएस’. एलव्हीएम असेल तर मध्ये ‘पीव्ही-रिसाइझ’ आणि वरचं ‘एलव्हीएक्स्टेंड’. फाइलसिस्टीम एक्सएफएस असेल तर शेवटी ‘एक्सएफएस-ग्रोएफएस’.

अडचण दोन ठिकाणी येते. एक, रूटच्या लगेच पुढे स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) पार्टिशन असेल, तर ते हटवल्याशिवाय रूट सरकत नाही. विंडोजच्या व्हीएममध्ये हीच आडकाठी सी ड्राइव्हनंतरचं रिकव्हरी पार्टिशन करतं आणि ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट दिसतं. दुसरी अडचण स्नॅपशॉटची, म्हणजे व्हीएमच्या जपून ठेवलेल्या जुन्या अवस्थेची. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मूळ फाइल वाढली तरी व्हीएम स्नॅपशॉटच्या जुन्या मापावरच चालत राहतं. आधी स्नॅपशॉट डिलीट करून मूळ फाइलमध्ये मिळवून घ्या, व्हीएम बंद करून फाइलची एक कॉपी ठेवा, आणि लॅपटॉप चार्जरवर असताना हे काम करा. पावसाळ्यात इंदूरला वीज कधी जाईल ते सांगता येत नाही.

दुसरी डिस्क जोडणं त्या मानाने निर्धास्त, कारण जुन्या पार्टिशनला हातच लागत नाही. नवी डिस्क जोडा, फॉरमॅट करा, ‘एफएसटॅब’मध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कची यादी) तिचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, लिहा आणि ‘नोफेल’ विसरू नका, नाहीतर एखाद्या दिवशी डिस्क सापडली नाही की बूट अडकून बसेल. डेटाबेस किंवा डॉकरचा डेटा फुगत असेल, तर मी डोळे झाकून हेच करतो. उद्या व्हीएम नव्याने बसवलं तरी डेटाची डिस्क उचलून तिकडे लावता येते. रूटच तोकडा पडत असेल, तर मात्र हा फक्त जोड-उपाय.

लॅपटॉपचीच एसएसडी भरत आली असेल, तर दोन्ही मार्ग कामाचे नाहीत. डायनॅमिक डिस्कला (भरेल तशी वाढणारी फाइल) ८० जीबीची मर्यादा दिली म्हणून ८० जीबी मिळत नाहीत. खालची जागा संपली की व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम थांबवून ठेवतं. अशा वेळी जेल रोडवरून बाहेरची एसएसडी आणा आणि अख्खं व्हीएम तिच्यावर हलवा. साधा पेनड्राइव्ह नको, फार रडवतो. फॅट-३२ फॉरमॅटही नको, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आणि व्हीएम चालू असताना ती वायर घरातल्या कोणी ओढली, तर पुढचं देवाच्या हाती.

लॅपटॉप आणि व्हीएम दोघांना दिसणारं शेअर्ड फोल्डर फोटो, पीडीएफ, झिप एवढ्यासाठी ठीक. त्यावर पोस्टग्रेससारखा डेटाबेस ठेवायच्या फंदात पडू नका. फाइलींची मालकी तिथे नीट बदलता येत नाही.

भाचीने वाढवलेली ८० ची मर्यादा व्हर्च्युअलबॉक्स आता खाली आणू देत नाही. पण डिस्क डायनॅमिक, फाइल अजून ४० च्या आतच, म्हणून तशीच राहू दिली. मी सराफ्यात पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते.