आठ महिने काट्याच्या मीटरसोबत

माझ्या मोटरसायकलचं मूळ डिजिटल मीटर काढून गोल काट्याचं मीटर लावल्याला आठ महिने झाले. या काळात गाडी ९,००० किलोमीटर चालली, त्यात भरपूर पाऊसही झेलला. काटा मला मनापासून आवडलाय. पण बसवताना मी एक मोठी चूक केली होती, ती सांगितल्याशिवाय हा अनुभव पुरा होणार नाही.

बदलायचं कारण साधं होतं. मूळ मीटरच्या पडद्यावरची फिल्म उन्हाने करपली होती. मधोमध काळा डाग पडला आणि भर दुपारी वेगाचा आकडा दिसेना. आतलं सर्किट मात्र धडधाकट होतं. दुसरं म्हणजे मला पहिल्यापासून काटा हवा होता. आकडा वाचावा लागतो, काट्याचा नुसता कल बघितला तरी पुरतं. वळणातून बाहेर पडताना आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा उभा झाला की गिअर टाकायचा, हे नजरेच्या कोपऱ्यातूनसुद्धा कळतं.

जुन्या गाड्यांत मीटर बदलणं म्हणजे केबल सोडा, केबल लावा, झालं. आताच्या गाड्यांत तसं नाही. मी जुन्या मीटरचा कपलर (तारांचा प्लग) काढून चावी फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन काही पेटलं नाही. कारण इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा, अर्धा संवाद मीटरशी होता. बॉशने १९८६ साली जाहीर केलेली कॅन नावाची दोन तारांची व्यवस्था आता मोटरसायकलींतही आहे. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि मीटर त्याच दोन तारांवर एकमेकांशी बोलतात. बॅटरी सोडून त्या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला, तर ६० ओहम आले. मीटरचा कपलर काढल्यावर १२० झाले. या लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रिझिस्टर (विजेला अडवणारा भाग) असतो, दोन्ही मिळून ६० भरतात, आणि त्यातला एक माझ्या मीटरच्याच पोटात होता. म्हणजे मीटर काढलं की लाइनचं एक टोक उघडं पडणार. हे मोजायला दोन मिनिटं लागतात. कोणीही मीटरला हात लावण्याआधी हे बघावंच.

म्हणून जुनं मीटर टाकून दिलं नाही. हार्नेस (तारांचा जुडगा) लांबवून ते सीटखाली ठेवलं. कॅनच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊनच नेल्या, प्रत्येक जोड सोल्डर करून वर श्रिंक ट्यूब (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवली. गाडीचे खरे किलोमीटर अजून तिथेच मोजले जातात. गाडी विकताना नव्या मीटरवरचा आकडा दाखवणं ही फसवणूक होईल, तेव्हा माझ्या दृष्टीने हा या व्यवस्थेचा मोठाच फायदा आहे.

आरपीएमसाठी ठिणगी पाडणाऱ्या कॉइलच्या लो टेन्शन (कमी व्होल्टेजच्या) तारेवरून सिग्नल घेतला. पहिल्यांदा इंजिन चालू केलं तर काटा ७०० वर. आवाज नेहमीच्या १,४०० चा होता. फोर स्ट्रोक इंजिनात काही गाड्यांची ठिणगी दर फेऱ्याला पडते, काहींची दोन फेऱ्यांत एकदा. माझी दुसऱ्या जातीची निघाली. सेटिंग बदलल्यावर काटा जागेवर आला.

वेगाचा सिग्नल घ्यायला एबीएस सेन्सरच्या तारा कापायच्या नाहीत, हे आधीच ठरवलं होतं. मीटरसोबत आलेला चुंबकाचा सेन्सर पुढच्या चाकाला लावला. एकच चुंबक असल्याने हळू चालवताना काटा उचक्या खायचा. हिशोब सोपा आहे: ताशी १० किलोमीटरला चाक सेकंदाला दीड फेरा मारतं, म्हणजे मीटरला सेकंदात दीडच खूण मिळते. मग ब्रेक डिस्कच्या सहाही बोल्टांच्या डोक्यातल्या षटकोनी ॲलन खाचेत एकेक बारीक चुंबक बसवलं, वर इपॉक्सीचा थेंब सोडला आणि सेटिंगमध्ये १ चे ६ केले. तेव्हापासून काटा लोण्यासारखा फिरतो. आठ महिन्यांत एकही चुंबक निसटलेलं नाही.

मीटरला चाकाचा घेर मिलिमीटरमध्ये द्यावा लागतो. १२०/७०-१७ टायरचा घेर कागदावर १,८८४ येतो. टायरवर खडूची रेघ मारून, गाडीवर बसून, मित्राला एक फेरा ढकलायला लावलं तर १,८६८ भरले, कारण वजनाने टायर थोडा दबतो. तोच आकडा टाकला.

इथे एक गोष्ट अनपेक्षित घडली. मूळ मीटर वेग थोडा वाढवून दाखवायचं. यात कंपनीची लबाडी नसते. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. ३९ नुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलेलं मात्र दहा टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत चालतं. जीपीएसवर ८० असताना माझं जुनं मीटर ८६ दाखवायचं, नवं ८१ दाखवतं. पण डोळ्यांना सवय ८६ ची. पहिला आठवडाभर मी काटा ओळखीच्या जागी नेत होतो, म्हणजे रोज पाचेक किलोमीटर जास्त वेगाने चालवत होतो. कॅलिब्रेशन केल्यावर, म्हणजे मीटर अचूक जुळवल्यावर, ही सवय जाणूनबुजून मोडावी लागते.

इंडिकेटरला नव्या मीटरवर एकच दिवा आहे. डाव्या-उजव्या तारा थेट त्याला जोडल्या तर एका बाजूचा करंट दुसरीकडे शिरतो आणि चारही दिवे लुकलुकतात. करंट एकाच दिशेने जाऊ देणारे दोन डायोड घातले, प्रश्न मिटला.

आता ती चूक. एबीएस आणि इंजिनचे इशारे माझ्या गाडीत फक्त कॅनवरून येतात, नव्या मीटरला ती भाषा येत नाही. मी म्हटलं, जुनं मीटर जिवंत आहे ना, मग झालं. तिसऱ्या महिन्यात बारीक खडीवर ब्रेक दाबला आणि मागचं चाक अडकून फरफटलं. पडलो नाही, पण छाती धडधडत होती. घरी सीट काढून गाडी थोडी चालवली, तर जुन्या मीटरवरचा एबीएसचा दिवा विझेना. मागच्या चाकाच्या सेन्सरवर चिखल आणि लोखंडी भुकटी साचली होती. किती दिवस तो दिवा अंधारात जळत होता, देव जाणे. सेन्सर साफ केला आणि त्याच आठवड्यात माझ्या मॉडेलसाठीचं कॅन वाचणारं छोटं मॉड्यूल मागवलं. ते लाइनवर फक्त ऐकतं आणि इशाऱ्याच्या वेगळ्या तारा बाहेर देतं. त्यांना जोडलेले दोन पिवळे एलईडी आता काट्याच्या शेजारी ब्रॅकेटमध्ये आहेत. तुमच्या गाडीसाठी असं मॉड्यूल मिळत नसेल, तर मीटर बदलू नका, असंच मी सांगेन.

बाकी किरकोळ. घड्याळासाठी मीटर चावी बंद असतानाही ४ मिलिअँपिअर खातं. गाडी महिनाभर उभी राहिली तर ८ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीतले जवळजवळ ३ एएच त्यातच जातील, म्हणून लांब गावाला जाताना फ्यूज काढून ठेवतो. रात्रीचा पांढरा प्रकाश डोळ्यांवर यायचा, तो पाचवरून दोनवर आणला. पोलराइज्ड गॉगल घातला की खालची छोटी एलसीडी पट्टी काळी दिसते, काट्याला मात्र काही होत नाही. मोठ्या पावसानंतर काचेच्या कडेला बाष्प धरतं आणि तासाभर चालवल्यावर जातं. मागच्या रबरी बुशातून ओल शिरत असावी असा संशय आहे, तो बुश या रविवारी बदलणार आहे.