जज नव्हताच तो

मंडईत मेथीची जुडी घेताना दोरी सोडून आतली पानं बघायची, ही आईची शिकवण. मी ८४ हजार डॉलरची गाडी घेतली आणि दोरी सोडलीच नाही.

गाडी होती १९६९ ची पाँटिअॅक जीटीओ, 'द जज'. मिशिगनला आल्यापासून दर ऑगस्टमध्ये मी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर खुर्ची टाकून जुन्या मसल कारची, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या अमेरिकन गाड्यांची, मिरवणूक बघतो. पुण्यात लक्ष्मी रोडला गणपतीसाठी जागा धरायचो तसाच. त्यात केशरी जज घुरघुरत गेला की पुढची पाच मिनिटं दुसरं काही दिसत नाही.

आता हा जज म्हणजे वेगळी गाडी नव्हेच. जीटीओवर तेव्हा ३३२ डॉलर जास्त दिले की वेगळं इंजिन, मागे डिकीवर पंखासारखा रुंद स्पॉयलर, बाजूला पट्टे आणि 'द जज'चे स्टिकर मिळायचे. १९६९ साली सुमारे ७२ हजार जीटीओ बनल्या, त्यात जज फक्त ६,८३३. आज या फरकामुळे किंमत दुप्पट होते. गंमत म्हणजे स्पॉयलर, पट्टे, स्टिकर, गिअरच्या दांड्याची टी आकाराची मूठ, सगळं नवंकोरं घरपोच मिळतं. म्हणजे साध्या जीटीओचा जज करायला कारखाना लागत नाही, गॅरेज पुरतं.

विकणारा दुसऱ्या राज्यातला, साठीचा, बोलायला गोड. त्याने स्वतःहून काचेखालचा चेसिस नंबर दाखवला. "बघ, २४२ ने सुरू होतो. अस्सल जीटीओ." मी घरून हेच वाचून गेलो होतो, त्यामुळे माझा अभ्यास बरोबर निघाल्याचा आनंद मला जास्त झाला. २४२ म्हणजे जीटीओ हे खरंच. पण ती जज आहे की नाही, याबद्दल तो नंबर एक अक्षर सांगत नाही. खोटं बोलायची त्याला गरजच नव्हती. मी योग्य प्रश्न चुकीच्या गाडीबद्दल विचारला होता.

डिकी उघडल्यावर कडेच्या रबरी पट्टीखाली नखाएवढा हिरवा ठिपका दिसला. मी बोट ठेवलं. "प्रायमर आहे," तो म्हणाला. इंजिनामागच्या पत्र्यावर रंगाचा कोड असलेली पट्टी असते, तिच्यावर जाड रंग चढवलेला. "पेंटर गाढव निघाला." मूळ कागद? "आधीच्या मालकाचं धान्याचं कोठार जळलं, त्यात गेले." आणि मी मान डोलावली! पत्र्यावर लांबी (पुट्टी) कुठे भरली आहे ते बघायला चुंबक नेलं होतं, ते मात्र मी गाडीभर फिरवलं.

फुटलं ते विम्यामुळे. अशा गाड्यांचा विमा किंमत आधी ठरवून घ्यावा लागतो आणि कंपनीने मूल्यांकन मागितलं. आलेल्या माणसाने बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरपाशी टॉर्च मारली आणि मला वाकून बघायला लावलं. इंजिनाच्या ब्लॉकवर ओतलेली तारीख होती : महिन्याचं अक्षर, दिवस आणि शेवटी वर्षाचा एकच आकडा. २. म्हणजे १९७२. १९६९ च्या गाडीत १९७२ चं इंजिन. इंजिनाच्या पुढच्या बाजूला मात्र डब्ल्यूएस ही अक्षरं ठोकलेली, जजच्या चार गिअरवाल्या इंजिनाची. त्यांच्या कडा बोटाला टोचत होत्या. पन्नास वर्षांची अक्षरं अशी टोचत नाहीत.

"पीएचएसचा कागद कुठे आहे?" त्याने विचारलं. पाँटिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे कंपनीच्या जुन्या बिलांच्या नोंदी आहेत. चेसिस नंबर कळवला की ती गाडी कारखान्यातून काय काय घेऊन निघाली, ते कळतं. खर्च या गाडीच्या एखाद-दोन टाक्या पेट्रोलइतका. तो मी आता केला. उत्तर आलं : लाइमलाइट ग्रीन रंग, ऑटोमॅटिक गिअर आणि २६५ अश्वशक्तीचं, साध्या पेट्रोलवर चालणारं काटकसरी इंजिन. कुणा गरीब बिचाऱ्या कारकुनाने बायकोला समजावून घेतलेली जीटीओ असावी. तिचा जज केला होता.

मूल्यांकन ४१ हजार.

वकिलाने विक्रीचा कागद दोनदा वाचला. त्यावर '१९६९ पाँटिअॅक जीटीओ' आणि खाली 'आहे त्या स्थितीत' एवढंच. जज हा शब्द कुठेच नाही. फोनवर तो शंभरदा उच्चारला गेला, जाहिरातीत होता, आणि जाहिरात मी जपून ठेवली नव्हती. वकिलाची फी मात्र जपून घेतली गेली.

ठेवून तरी काय करायचं? इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या खाल्ल्या, तेलात जस्ताचं वेगळं औषध घालावं लागतं, रस्त्यावर मीठ पडतं म्हणून हिवाळाभर भाड्याच्या गॅरेजात. बायको म्हणाली, "अरे, याच्यापेक्षा हत्ती पाळला असतास, तो दारात तरी उभा राहिला असता." स्टिकर हेअर ड्रायरने सोलून मी ती खरी माहिती देऊन ३८ हजारांना विकली. घेणाऱ्याला पीएचएसचा कागद आधी पाठवला.

गेल्या आठवड्यात त्याच भाषेतली नवी जाहिरात दिसली. गाडी १९७० ची, पुन्हा जज. मी गिऱ्हाईक म्हणून फोन केला आणि मूळ कागद विचारले. तोच आवाज. कोठार परत जळलं होतं.