कमोडच्या बुडातून गळणारं पाणी : मेणाची रिंग बसवून आठ महिने झाले

नेरूळच्या आमच्या सिडकोच्या घरात संडास आणि बाथरूम वेगवेगळे आहेत, आणि संडास एकच. आईला गुडघ्यांमुळे खाली बसवेना, म्हणून सहा वर्षांपूर्वी जुनं भांडं काढून कमोड बसवला. त्याच वेळी जुन्या फरशीवरच नवी टाइल चढवून घेतली. तोडफोड नाही, धूळ नाही, दोन दिवसांत काम संपलं. पुढचा सगळा त्रास त्या टाइलमधून निघाला, हे कळायला आम्हाला बरीच वर्षं लागली.

आधी नुसती ओल दिसायची. कमोडच्या मागे डाव्या बाजूला, भिंतीलगत. आई म्हणायची जेटचं पाणी उडतं, मी रोज पुसून घ्यायचे. मग पावसाळ्यात वास यायला लागला. फिनेल टाकलं की तासभर जायचा आणि परत यायचा. पहिल्या प्लंबरने बुडाभोवती व्हाइट सिमेंट भरलं. चार महिने बरे गेले. दुसऱ्यांदा पुन्हा व्हाइट सिमेंट, तिसऱ्यांदा दुसऱ्या माणसाकडून चारी बाजूंनी सिलिकॉन. सिलिकॉननंतर फरशी कोरडी खडखडीत झाली आणि आम्ही सुटलो म्हणून निश्चिंत झालो. दोन महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या संडासाच्या छताला ओल धरून रंगाचे पोपडे पडायला लागले होते. काकू एका शब्दाने भांडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "अगं, एकदा येऊन बघून तर जा." मला फार लाज वाटली. पाणी थांबलं नव्हतंच. आम्ही त्याची बाहेर यायची वाट बंद केली होती, म्हणून ते फरशीखालच्या भरावात उतरून त्यांच्या डोक्यावर गेलं. घरातल्या संडास-बाथरूमच्या गळतीचा खर्च सोसायटीचा नसतो, सभासदाचाच असतो, त्यामुळे तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

या वेळी प्लंबरला बोलवायच्या आधी मी स्वतः तपासून घेतलं. ज्यांच्याकडे असं पाणी येतंय त्यांनी हे आधी करावं, कारण प्रत्येक ओल बुडातूनच येते असं नाही. मागचं सिलिकॉन ब्लेडने कापून काढलं, फरशी कोरडी केली, बुडाभोवती वर्तमानपत्राचे तुकडे टेकवून ठेवले आणि दोन तास फ्लश केला नाही. कागद कोरडे. म्हणजे अँगल कॉक (टाकीला पाणी सोडणारा भिंतीतला नळ), कनेक्शन पाइप आणि टाकी ठीक. तिथली गळती असती तर फ्लश न करताही कागद भिजले असते. मग कमोडच्या पाण्यात खाण्याचा लाल रंग टाकून फ्लश केला. मिनिटभरात मागच्या डाव्या कागदाची कड गुलाबी झाली. ट्रॅप म्हणजे पाणी धरून ठेवून गटाराचा वास अडवणारं कमोडमधलं वळण. कमोडमध्ये कायम दिसणारं पाणी ट्रॅपच्या अलीकडचं असतं; बुडाचा सांधा ट्रॅपच्या पलीकडे, म्हणून तिथली गळती फ्लश केल्यावरच दिसते. वासाचंही कारण तेच. तो सांधा उघडा पडला की गटाराची हवा ट्रॅपच्या मागून सरळ घरात येते.

आणखी एक गोष्ट हाताला लागली. दोन्ही हातांनी धरून हलवला तर कमोड डुलत होता. किंचितच, पण आई रोज उठता-बसता एका बाजूला भार देते.

एप्रिलमध्ये जो प्लंबर आला, त्याला मी पहिल्यांदाच सांगितलं की वरून काहीही भरायचं नाही, कमोड उचलायचा. त्याने अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी केली, उरलेलं पाणी स्पंजने टिपलं, बारीक छन्नीने सिमेंटची कड सावकाश फोडली आणि दोघांनी मिळून कमोड उचलून गोणपाटावर आडवा ठेवला. खाली जे दिसलं ते मी विसरणार नाही. बिडाच्या पाइपचं तोंड टाइलच्या पातळीपेक्षा पाऊण इंच खाली होतं. सहा वर्षांपूर्वी टाइल चढली, पाइप मात्र होता तिथेच राहिला. मधली फट नुसत्या सिमेंटने भरलेली, आणि ते सिमेंट चंद्रकोरीसारखं फक्त पुढच्या बाजूला उरलं होतं. मागे काहीच नाही, काळा ओला गाळ. दोन स्क्रूंपैकी एक गंजून मोडला होता. सिमेंट कडक असतं, ते हलत नाही. कमोड डुलला की ते तडकणारच. जुन्या भांड्याखालचा ट्रॅप तसाच राहिलाय की काय अशी मला धास्ती होती, कारण कमोडला स्वतःचा ट्रॅप असतो, आणि दोन ट्रॅप एकाखाली एक आले की मधे हवा कोंडून फ्लश नीट उतरत नाही. पण तो काढलेला होता.

पाइपच्या तोंडात चिंधी कोंबली, म्हणजे वास येत नाही आणि खडे आत पडत नाहीत. (बसवताना ती आठवणीने काढायची.) फरशी आणि कमोडचं बूड खरवडून पूर्ण कोरडं केलं, कारण ओल्यावर मेण चिकटत नाही. सिमेंटऐवजी आम्ही कमोड आणि पाइपच्या मधला सांधा बंद करणारी मेणाची जाड रिंग घेतली, आत प्लास्टिकची बाही असलेली, जी पाइपमध्ये उतरते. पाइप खाली असेल तर साधी पातळ रिंग पुरत नाही. कमोड सरळ खाली सोडायचा आणि वर बसून वजनाने दाबायचा. जरा वाकडा बसला म्हणून उचलून परत ठेवला तर रिंग वाया जाते. दबलेलं मेण पुन्हा फुगत नाही. डुलणाऱ्या बाजूला प्लास्टिकच्या पाचरी सरकवल्या, नव्या गिट्ट्या मारून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू थोडे इकडे थोडे तिकडे असे आवळले. जोर लावला तर भांडं तडकतं. शेवटी सिलिकॉन, पण मागे दोन बोटं जागा मुद्दाम मोकळी ठेवली. पुन्हा कधी गळलं तर आधी आम्हाला दिसावं, काकूंना नाही.

रिंग साडेतीनशेची, मजुरी पंधराशे, बाकी किरकोळ धरून बावीसशेच्या आत काम झालं. आधीच्या तीन डागडुज्यांवर याहून जास्त गेले होते. सिलिकॉन सुकायला चोवीस तास लागतात. तो एक दिवस आई काकूंकडेच होती. त्यांनीच आग्रहाने नेलं.

आता आठ महिने झाले, मधे पूर्ण पावसाळा गेला. दर महिन्याला मी मागे कागद ठेवून बघते, कोरडा असतो. वास गेला तो गेलाच. कमोड हलत नाही, आई एका हाताने भार देऊन उठते. काकूंचं छत वाळायला मात्र वेळ लागला. भरावातलं पाणी महिनाभर झिरपत होतं आणि तेवढ्यात मी दोनदा घाबरून प्लंबरला फोन केला. गळती थांबली तरी खालचा डाग लगेच जात नाही, हे आधी कोणी सांगायला हवं होतं. रंग आम्ही दिवाळीच्या आधी करून दिला.

तक्रार एकच. सिलिकॉन साधं घेतलं, बुरशी न धरणारं सॅनिटरी सिलिकॉन मागायला हवं होतं. जुलैपासून उजव्या बाजूची कड काळी पडलीय, घासून जात नाही. थंडीत कोरडी हवा आहे तोवर तेवढी पट्टी कापून नवी भरणार आहे.