तंबोऱ्याच्या तारा बदलायला माणूस घरी बोलावला आणि १७,२०० रुपयांना बुडालो

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांचं हसून होईल. ५०० रुपये घरी येण्याचे, ३,२०० 'जर्मन तारां'चे, ४,५०० जवारीच्या (म्हणजे तंबोरा नीट गुंजावा म्हणून करतात त्या) कामाची उचल, आणि ९,००० कशाचे ते पुढे येईलच. एकूण १७,२००. वर आईच्या तंबोऱ्याची पन्नास वर्षांची घोडी, म्हणजे जिच्यावर तारा टेकतात तो छोटा पूल, तीही गेली. ती मी या हिशेबात धरलेली नाही, कारण कशी धरायची तेच कळत नाही.

आणि हे झालं कुणाला? कॉलेजपासून गिटार वाजवणाऱ्या माणसाला. दर तीन महिन्यांनी स्वतःच्या हाताने तारा बदलणाऱ्या, सोसायटीतल्या पोरांच्या युकुलेल्यांनाही फुकटात तारा चढवून देणाऱ्या माणसाला. बायको म्हणाली, "तुला तरी कळायला हवं होतं." ती एकदाच म्हणाली, पण मी ते दोन महिने रोज ऐकतोय.

आता कुणी म्हणेल, एवढं येतं तर तंबोऱ्याच्या तारा स्वतःच का नाही बदलल्या? रास्त प्रश्न आहे. गिटारचा ब्रिज, म्हणजे तिची घोडी, तबलीला (वाद्याच्या वरच्या लाकडी पाटीला) चिकटवलेला असतो, सहाच्या सहा तारा काढल्या तरी तो जागचा हलत नाही. तंबोऱ्याची घोडी नुसत्या तारांच्या दाबावर उभी असते. शिवाय तिच्या पाठीवर जवारी. आमच्या घरात लहानपणापासून एकच धाक होता, घोडीला हात लावायचा नाही. तो मी शेहेचाळिसाव्या वर्षीही पाळला. पाळला नसता तर बरं झालं असतं.

तंबोरा मिरजेचा, बायकी सुरांचा, आजोबांनी १९७३ साली आईसाठी आणलेला. जूनच्या दमट हवेत खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार तुटली, बाकी तिन्हींवर तांबूस डाग पडले होते. गुरुपौर्णिमा अकरा दिवसांवर. आईच्या चार शिष्या घरी येणार, आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तिला या वर्षी तंबोरा हवाच होता. जवळच्या दुकानात विचारलं तर "ठेवून जा, तीन आठवडे लागतील". मिरजेला न्यायचा तर आईचे गुडघे, आणि तंबोऱ्याचा भोपळा कुरियरच्या हवाली करायची माझी छाती नाही. अशा वेळी मोबाइलवर जाहिरात दिसली: तंबोरा, सतार, गिटार, घरपोच तारा व जवारी, मिरज मानांकनप्राप्त कारागीर.

हे 'मानांकन' ऐकून पाघळू नका. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते खरं आहे. पण ते तिथे बनणाऱ्या वाद्यांना आहे, पिशवी घेऊन दारोदार फिरणाऱ्याला नाही. त्याने व्हॉट्सॲपवर प्रमाणपत्राचा फोटो पाठवला, शिक्का होता, सिंह होते. मी तो मोठा करून वाचलासुद्धा नाही.

२९ जून, रविवार. आला, चपला बाहेर काढल्या, आईच्या पाया पडला, मग वाद्याला हात लावून तो कपाळाला लावला. तिथेच आम्ही दोघं विरघळलो. चारी बाजूंनी तंबोऱ्याचे फोटो काढले, "दादा, आधीचं आणि नंतरचं दाखवायला". आई कौतुकाने बघत होती.

मग त्याने पिशवीतून पक्कड काढली आणि चढलेल्या तिन्ही तारा एकापाठोपाठ कापल्या. कडाक, कडाक, कडाक.

इथे थांबतो, कारण इथेच मला थांबायला हवं होतं. ताणलेली तार कुणी कापत नाही. आधी खुंटी उलटी फिरवून ती ढिली करायची, मग काढायची. नाहीतर तार उसळून डोळ्यात जाते आणि दांडीला, तबलीला उगाच हिसका बसतो. हे गिटारच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. आणि मोकळी घोडी असलेल्या वाद्याच्या तारा एकेक करून बदलतात, एक काढायची, एक चढवायची, म्हणजे घोडी जागा सोडत नाही. निदान पेन्सिलीने तिच्या पायांभोवती खूण तरी करतात. मला हे माहीत होतं! मी मनात म्हटलं, यांची पद्धत वेगळी असेल. स्वतःच्या ज्ञानावर विश्वास न ठेवण्याला नम्रता म्हणतात असा माझा समज होता.

तारा सुटल्या तशी घोडी तबलीवरून घरंगळली. ती त्याने अलगद झेलली, कारण तो तिच्यासाठीच आला होता. उजेडात धरून म्हणाला, "जवारी पार गेलीये. मशीनवर काढावी लागेल. चार दिवसांत आणून देतो, तोवर ही तात्पुरती बसवतो." आणि एक पांढरी, गुळगुळीत, प्लास्टिकसारखी घोडी बसवली.

आई म्हणाली, "अरे, जवारी मशीनवर कशी काढतील? ती कानाने काढतात." मी आईला गप्प केलं. "आई, आता सगळं बदललंय गं." हे माझे शब्द. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: घोडीच्या पाठीला जो बारीकसा उतार असतो त्याला चाटत तार थरथरते, म्हणून तंबोरा 'बोलतो'. तो उतार कानस मारून, तार चढवून, ऐकून, पुन्हा उतरवून, पुन्हा घासून मिळवायचा असतो, त्याच वाद्यावर बसून. घोडी घरी घेऊन जातो म्हणणारा जवारी काढायला नेत नाही, घोडी न्यायला नेतो. लिहून ठेवा.

आता तारा. "जर्मन आहेत, ३,२००." मला संशय का आला नाही? कारण चांगल्या वाद्यवाल्यांकडे जर्मनीच्या रोस्लाऊची पोलादी तार खरंच मिळते. खोटं बोलणारा असं अर्धं खरं घेऊनच येतो. त्याने जोडाची (मधल्या दोन सारख्या सुरांच्या तारांपैकी एक) तार लावली, ती लंगोटापर्यंत, म्हणजे भोपळ्याखाली तारा जिथे अडकवतात तिथपर्यंत पुरेना. तर तो म्हणाला, "इम्पोर्टेड सेट मीटरभराचाच येतो दादा." आणि दुसऱ्या तारेचा तुकडा जोडून खालची लांबी भरून काढली. वर खुंटीला जेमतेम दीड वेढा बसला.

मीटरभर! मीटरभर लांबीची तार कुठल्या वाद्याची असते हे या घरात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि मी मान हलवली. तो गेल्यावर रात्री बॅटरीच्या उजेडात बघितलं तर त्या जोडलेल्या तुकड्याच्या गाठीत एक छोटा, जांभळा मणी चमकत होता. गिटारच्या तारेच्या टोकाचा मणी. काही सेटमध्ये तार कितवी ते कळावं म्हणून या मण्यांना रंग देतात. जांभळा म्हणजे दुसरी तार. हाच मणी मी ब्रिजच्या भोकात घालून वरून पिन दाबत आलोय, किती वेळा ते देव जाणे. खर्जाला तर त्याने गिटारची वेढे दिलेली जाडी तार लावली होती. खर्जाला साधी पितळी तार लागते. वेढ्यांची तार घोडीवर करकरते. आईने छेडून बघितली आणि हात काढून घेतला. "डबा वाजतोय," एवढंच म्हणाली.

पैसे क्यूआर कोडवर दिले होते. स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. मी विचारलंसुद्धा. "भावाचं दुकान आहे दादा." नाव जुळत नसेल तर पैसे देऊ नका, भाऊ असो की बाप.

तरी रविवारच्या रात्री मी गप्प राहिलो. का? कारण घोडी त्याच्याकडे होती. भांडलो तर ती परत येणार नाही, असं वाटलं. ३ जुलैला फोन आला, पण आवाज दुसराच, दरडावणारा. "तुमची वस्तू सांबरशिंगाची आहे. वर्कशॉपवर धाड पडली आहे. पंचनाम्यात मालक म्हणून तुमचं नाव घालायचं की मिटवायचं?" मागे आमचा तो कारागीर रडवेल्या आवाजात, "दादा, काहीतरी करा, मावशींचं नाव येईल."

तुम्हाला वाचताना लगेच कळलं ना? मलाही दुसऱ्याचं वाचताना कळतं. पण जुन्या वाद्यांच्या घोड्या शिंगाच्या असत हे खरं, सांबर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतं आणि त्याच्या शिंगाची खरेदी-विक्री गुन्हा आहे हेही खरं. आमची घोडी कशाची होती हे मला आजही माहीत नाही. डोळ्यांसमोर फक्त गुरुपौर्णिमेला दारात उभी राहिलेली जीप आली. ९,००० पाठवले. दहा मिनिटांत दोन्ही नंबर बंद.

इथून पुढे तर कमालच. आर्थिक फसवणुकीला १९३० हा नंबर आहे, पैसे गेल्या गेल्या लावायचा. तासाभरात लावला तर समोरच्या खात्यात पैसे अडकवता येण्याची आशा असते. मी लाजेपायी चार दिवस गप्प बसलो, ती माझी चूक. पण ७ जुलैला चौकीत गेलो तेव्हा काय झालं ऐका.

"काय गेलं?"

"घोडी."

"कुठे बांधली होती?"

मी हसलो नाही. समजावून सांगितलं, तंबोऱ्याची घोडी. त्यांनी लिहायला घेतलं. मग लंगोट आला. पेन खाली ठेवलं गेलं, शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावलं गेलं. घोडी, लंगोट, मणी, खुंट्या, अशी यादी मोठ्याने वाचून दाखवण्यात आली. चहा आला, मला नाही. शेवटी सांगितलं, "काका, हा कामाच्या पैशांचा वाद आहे, दिवाणी आहे." मी म्हटलं, ९,००० धमकावून घेतलेत. तर "तुम्ही शिंग ठेवलं होतं का, ते आधी सांगा." म्हणजे चोर मीच! मग खातं दुसऱ्या राज्यातलं निघालं म्हणून हद्दीचा प्रश्न. जुन्या चारशेवीसच्या जागी आता न्याय संहितेचं ३१८ कलम आहे आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द न बघता तक्रार घ्यावी लागते, हे मी वाचून गेलो होतो. ते ऐकून साहेब म्हणाले, "मग तुम्हीच बसा इथे."

सायबर कक्षाने चौकीची नोंद मागितली. चौकीने सायबरची पावती मागितली. दोन फेऱ्या, अर्ध्या दिवसाच्या दोन रजा. बँकेत गेलो, तिथली मुलगी अतिशय गोड बोलली: पिन तुम्हीच टाकलात सर, त्यामुळे हा व्यवहार तुमच्या संमतीचा आहे. गळ्याला सुरी लावून घेतलेली सहीसुद्धा या हिशेबाने संमतीचीच. शिंगाचा सोक्षमोक्ष लावावा म्हणून वनखात्याच्या एका कार्यालयातही जाऊन आलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वस्तू घेऊन या, बघून सांगतो." मी म्हटलं, वस्तूच चोरीला गेलीये. "मग चौकीत जा." तेवीस दिवसांनी एक तक्रार क्रमांक मिळाला. त्याची सद्यस्थिती तेव्हापासून 'प्रक्रियेत' अशीच आहे.

कुणी विचारतात, घोडी नेऊन त्याला मिळालं काय? जुन्या घोडीला गिऱ्हाईक असतं, असं मला मिरजेच्या एका खऱ्या कारागिरांनी फोनवर सांगितलं. जवारी मुरलेली घोडी विकत मिळत नाही, म्हणाले. माझ्यावर न हसलेला तो पहिला माणूस. त्यांनी घोडीच्या जागेचं, दांडीचं माप आणि फोटो मागवले, एक पैसा आगाऊ मागितला नाही, आणि तारा मात्र इथल्याच दुकानातून घे म्हणाले. चार तारांचा साधा सेट मला २४० रुपयांना मिळाला. ३,२०० आणि २४०.

घरी कुणाला बोलवायचंच असेल तर आधी घोडीचा, खुंट्यांचा, भोपळ्याखालच्या लंगोटाचा जवळून फोटो काढून ठेवा, शेजारी पट्टी धरून. माझ्याकडे घोडीचा एकही धड फोटो नव्हता. आणि म्हातारं माणूस काही म्हणत असेल तर त्याला गप्प करू नका, विशेषतः ते माणूस साठ वर्षं गात असेल तर.

गुरुपौर्णिमा आईने मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर काढली. चारही शिष्यांनी कौतुक केलं, आई काही बोलली नाही.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, नंबर वेगळा, मजकूर तोच. खाली तंबोऱ्याचा फोटो, आणि तबलीवर डाव्या बाजूला, उदबत्तीने पडलेला काळा डाग. तो माझ्या हातून पडला होता, तिसरीत असताना. मी ती जाहिरात कळवली. दोन तासांत उत्तर आलं: आम्ही ही जाहिरात तपासली, ती आमच्या नियमांचं उल्लंघन करत नाही.