सोलर झटका मशीन, दोन हंगाम वापरून सांगतो (रोही म्हणजे नीलगाय मारायची गरज नाही)

कुहीकडे आमचं चार एकर वावर आहे, तूर आणि चना, पलीकडे उमरेड-कऱ्हांडलाचं जंगल, म्हणजे रोही येणारच. दोन वर्षांआधी एका रात्रीत अर्धा एकर चना साफ झाला तेव्हा सगळे एकच म्हणून राहिले होते, वनखात्यात अर्ज टाक, परवानगी काढ आणि मारून टाक. माझं मनच झालं नाही. कॉटन मार्केटजवळच्या एका दुकानातून झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत झटके सोडणारं यंत्र, आणली, बॅटरी, पॅनल, तार, इन्सुलेटर धरून साडेचौदा हजार पडले.

12 व्होल्टच्या बॅटरीवर चालते, सेकंदाला एखादा झटका, रात्रभर टक टक टक. व्होल्टेज हजारांत असतं पण झटका इतका क्षणभराचा की जनावर दचकतं, मरत नाही. मी स्वतः हात लावून पाहिला, कोपरापर्यंत झिणझिण्या. पहिल्याच आठवड्यात टॉर्चच्या उजेडात धुऱ्यावर एक नर दिसला, निळसर करडा, घोड्याएवढा उंच, हिंदीत घोडरोज म्हणतात ते उगाच नाही, नाक तारेला लागलं तसा फुरफुरून उलटा फिरला आणि जंगलाकडे निघून गेला. काय देखणं जनावर आहे हो!

आता तक्रार. दुकानदारानं अर्थिंगचं, म्हणजे मशीनला जोडून जमिनीत ठोकायच्या लोखंडी रॉडचं, काहीच सांगितलं नाही, रॉड एकच दिला तोही बुटका. जानेवारीत माती सुकली आणि झटकाच बसेना, तीन फोन केले, माणूस आला नाही. शेवटी मीच तीन लांब रॉड ठोकले, मीठ-कोळसा टाकला, पाणी ओतलं तेव्हा जमलं. तारेला गवत टेकलं तरी करंट उतरतो, पावसाळ्यात आठ-आठ दिवसांनी कापावंच लागतं.

आणि हात जोडून सांगतो, पैसे वाचवायला तारेत घरची लाईन सोडू नका. 2017 मध्ये नागभीडकडे आपल्या कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध जय वाघाचा बछडा श्रीनिवास तशाच करंटनं गेला, माणसंही जातात.

मारून तरी काय होतं? बिहारमध्ये मोकाम्याला 2016 मध्ये शिकारी बोलावून 200 च्या वर रोही मारले, त्यानंतरही त्या राज्यात मारणं चालूच आहे, म्हणजे पीक काही वाचलं नाही. अमेरिकेतही सरकारी जमिनीवरचे जंगली घोडे वाढले म्हणून मारा म्हणणारे आहेत, पण 1971 पासून त्यांना कायद्याचं संरक्षण आहे आणि काही कळपांत घोड्यांना डार्टनं गर्भ न राहण्याची लस देऊन शिंगरं कमी होऊ देतात. तसा विचार आपल्याकडे का होऊ नये? रोही वाघाचं खाणं आहे, ते संपवलं तर वाघ गोठ्याकडेच येईल ना.

5 पैकी 4 स्टार, एक अर्थिंगचा कापला. बफरमधल्या, म्हणजे वाघांच्या राखीव जंगलाला लागून असलेल्या गावांना वनखात्याच्या जन-वन योजनेत सोलर कुंपणाला 75 टक्के अनुदान मिळतं, आमचं गाव त्यात नाही, तुमचं असेल तर आधी वनरक्षकाला विचारा, मगच दुकानात जा.